टोमॅटोचं बूड काळं पडतं ते अंड्याच्या टरफलांवाचून नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागच्या पंधरवड्यात घरच्या टोमॅटोवर अर्धं पान मजकूर आला होता. आमच्या नातीने तो कात्रीने कापून फ्रिजवर लावला आणि त्या दिवसापासून घरात अंडी जरा जास्तच खपायला लागली. कारण लेखात म्हटलंय की फळाच्या बुडाला काळा डाग पडला म्हणजे मातीत कॅल्शियम कमी आहे, अंड्याची टरफलं चुरून कुंडीत घालावीत, डाग जातो. हे चूक आहे. अर्धं चूक आहे म्हणा हवं तर, पण जे अर्धं बरोबर आहे त्यानेच माणूस फसतो. मी स्वतः एक अख्खा हंगाम फसलो, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण पाण्याचा भाग तेवढा कापू नका.

मी काही शेतीतला जाणकार नाही. एका नगरपालिकेत 34 वर्षं व्हॉल्व्हमन होतो. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथली माणसं आजही फोन करून विचारतील, आमच्या गल्लीला पाणी कधी. पहाटे साडेतीनला छातीइतकी उंच लोखंडी चावी सायकलला आडवी बांधून निघायचं, चेंबरचं झाकण उचलायचं, आटे मोजत व्हॉल्व्ह उघडायचा, पाऊण तासाने बंद करायचा की पुढची गल्ली. जन्मभर पाणी सोडलं आणि शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाल्यावर मुलाकडे धायरीला आलो. चौथ्या मजल्यावर फ्लॅट, वर मोकळी गच्ची. रिकामे हात खायला उठले, म्हणून 2019 च्या दिवाळीच्या आधी नर्सरीतून टोमॅटोची सहा रोपं आणली आणि दहा-दहा इंची कुंड्यांत लावली.

झाडं जोमात आली. डिसेंबरात लिंबाएवढी हिरवी फळं धरली. आणि मग एकेका फळाच्या बुडाशी, जिथे फुलाचं वाळकं टोक चिकटलेलं असतं तिथे, पाण्यात भिजल्यासारखा एक ठिपका दिसायला लागला. चार दिवसांत तो तपकिरी झाला, आठवड्यात काळा. बोट लावलं तर चिखलासारखं मऊ नाही, उलट चपलेच्या तळव्यासारखं चिवट आणि चपटं. वरून फळ लाल होत होतं, खालून काळं. पहिल्या घोसातली बहुतेक सगळी अशी गेली. बायको म्हणाली, "अहो, दृष्ट लागली." मी नर्सरीत गेलो. तिथे सांगितलं, कॅल्शियमची कमतरता, ही बाटली फवारा. शेजाऱ्यांनी सांगितलं, टरफलं घाला. मी दोन्ही केलं. बाटलीही आणली, टरफलंही घातली.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या घोसाची फळं स्वच्छ आली. झालं. मी सोसायटीत टरफलांचा प्रचार करत सुटलो. खालच्या अंडाभुर्जीच्या गाडीवरून पिशवी भरभरून टरफलं आणायचो. तो गाडीवाला मला काय समजत असेल कोण जाणे.

संक्रांतीला मेव्हणा आला. त्याचं शिवार जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजूला. टोमॅटो करण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याला मी कौतुकाने गच्चीवर नेलं, टरफलांची हकीकत सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि काही न बोलता एका कुंडीत बोट घातलं. पहिलं पेर गेलं, दुसरं अडकलं. माती कडक.

"दाजी, हिला प्यायला कधी देता?"

"रोज."

"रोज?"

"म्हणजे, गुडघा बरा असला की रोज." गच्चीच्या नळाला पाणी नसायचं, बादली जिन्याने वर न्यावी लागायची. गुडघा धरला की एक दिवस चुकायचा, कधी दोन. मग तिसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट ओतायचो.

"आमच्या रानात चुनखडी एवढी की कुदळ मारली तर पांढरं निघतं," तो म्हणाला. "कॅल्शियमला काय तोटा? तरी ठिबक दोन दिवस बंद पडलं की आमचाही माल बुडातून काळा पडतो. आणि पहिल्या घोसाला हे व्हतंच थोडंफार. पुढचं आपसूक सुधारतं. तुम्ही टरफलं नसती घातली तरी सुधारलं असतं."

मला ते पटलं नाही. राग आला खरं तर. पण तो पाणी म्हणाला आणि पाणी हे माझं खातं. रात्रभर डोक्यात तेच फिरत राहिलं, आणि पहाटे साडेतीनला (तेव्हा जाग येते ती सवय गेलेली नाही) एकदम लख्ख उलगडलं. मग पुस्तकं आणून वाचली, तेव्हा कळलं की शास्त्रही तेच सांगतं, फक्त त्यांच्या भाषेत. मी माझ्या भाषेत सांगतो.

आमच्या उंच टाकीत पाणी काठोकाठ असायचं. तरी टोकाच्या घरांना पाणी मिळायचं नाही. का? टाकी रिकामी म्हणून नव्हे. दाब पुरा पडत नाही म्हणून, आणि वाटेतले लोक नळाला मोटार लावून ओढतात म्हणून. शेवटच्या घरी म्हातारी हंडा घेऊन बसलेली, नळातून नुसती हवा. ती म्हातारी तक्रार करायला आली की आमचे साहेब सांगायचे, टाकी फुल आहे बघा. टाकी फुलच असायची.

टोमॅटोच्या झाडात कॅल्शियम फक्त पाण्याबरोबर वर चढतं. पाणी वर चढतं ते पानं उन्हात वाफ सोडतात म्हणून, म्हणजे पानं ही मोटारवाली घरं. फळाला मोटार नाही. त्याची साल गुळगुळीत, त्यातून वाफ जवळजवळ जातच नाही. त्यामुळे फळाच्या वाट्याला थोडं पाणी येतं, आणि त्या फळातही बूड म्हणजे लाइनीचं शेवटचं टोक. माती कोरडी पडली, दाब उतरला, की पानं आहे तेवढं ओढून घेतात आणि बुडाशी नुसती हवा. फळ तेव्हा नेमकं भराभर वाढत असतं, पेशी बांधायला कॅल्शियम लागतो, तो वेळेवर पोचत नाही, तिथली पेशी मरते. पुढे चार दिवसांनी तुम्ही कितीही पाणी घाला, मेलेली जागा परत जिवंत होत नाही. पानात एकदा गेलेलं कॅल्शियम तिथून निघून फळाकडे जात नाही, म्हणून पानांवर फवारलेल्या त्या बाटलीचाही उपयोग नसल्यातच जमा. टाकी फुल आहे. टरफलं घालणं म्हणजे फुल टाकीत आणखी दोन हंडे ओतणं.

आणि टरफल तरी पाण्यात उतरतं कुठे? ते चुन्याचंच रूप, ते विरघळायला माती आंबट लागते. आपल्याकडची, निदान देशावरची बहुतेक काळी माती आंबट नाही, उलट चुन्याकडे झुकलेली. बोअरचं आणि टँकरचं पाणी घेणाऱ्यांनी आपल्या गिझरचं कॉइल बघावं, किंवा चहाच्या पातेल्याचा पांढरा थर. तेच पाणी कुंडीत जातं. कॅल्शियम आपण रोज ओततोय. काहीजण या डागावर घालतात त्या एप्सम सॉल्टचं तर उलटंच आहे. त्यात मॅग्नेशियम असतं, आणि ते मुळाशी कॅल्शियमच्या आड येतं. गरज नसताना महिन्याच्या महिन्याला घातलं तर डाग कमी व्हायच्या जागी वाढेल. युरियाचंही तसंच. झाड हिरवंगार होतं, पानांचा पसारा वाढतो, म्हणजे मोटारी वाढल्या. मेव्हणा म्हणतो, झाड माजलं. माजलेल्या झाडाला फूल कमी आणि जे फळ येतं त्याचं बूड आधी जातं.

तुमच्या लेखात 'रोज भरपूर पाणी द्यावे' असंही आहे. भरपूर हा शब्द काढून टाका. मला 34 वर्षांत लोकांनी भरपूर पाणी कधी मागितलं नाही, वेळेवर मागितलं. कोरड्या पडलेल्या लाइनीत एकदम पूर्ण व्हॉल्व्ह खोलला तर कुठला तरी जोड फुटतो, म्हणून आम्ही आधी चार आटे, मग थांबून बाकीचे, असं उघडायचो. टोमॅटोत तो फुटलेला जोड म्हणजे तडकलेलं फळ. दोन दिवस कोरडं ठेवून एकदम दोन तांबे ओतले की आतला गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही, देठाभोवती गोल नाहीतर उभी चीर पडते. पावसाळ्यात उघडीप पडून मग मोठी सर आली की हेच होतं. आणि सतत चिखल ठेवला तर मुळं गुदमरतात, मग ओल्या मातीतही झाड मान टाकतं. तेव्हा आणखी पाणी घालणारे लोक मी पाहिलेत.

आता मी करतो काय ते सांगतो. दहा इंची कुंड्या त्याच वर्षी कडुनिंबाखाली नेऊन ठेवल्या, त्यात बायकोने कोरफड लावली. टोमॅटोला मी रंगाच्या 20 लिटरच्या बादल्या घेतो, सोसायटीत रंगकाम झालं की फुकट मिळतात. बुडाला बोटभर रुंदीची सात-आठ भोकं आणि बाजूलाही खालच्या अंगाला चार, कारण बादली स्लॅबवर चिकटून बसली की बुडाची भोकं बंदच होतात. लहान कुंडीत चूक ही की तिच्यात ओल साठायला जागाच नाही. सकाळी फुल, दुपारी रिकामी. मोठी बादली म्हणजे मोठी टाकी, एक दिवस चुकला तरी टोकाच्या घराला कळत नाही. आत निम्मी माती, निम्म्याला थोडं कमी जुनं शेणखत, उरलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. कोकोपीट आधी दोन पाण्यांत धुऊन घ्यायचं, त्यात मीठ असतं. मूठभर निंबोळी पेंड.

रोप लावताना खालची दोन-चार पानं खुडून खोड निम्म्याहून जास्त मातीत गाडतो. वांग्या-मिरचीत असं केलेलं मला माहीत नाही, पण टोमॅटोचं खोड मातीत गाडलं की त्याला बाजूने मुळं फुटतात. वर दोन बोटं जाडीचा पाचोळा. आमच्याकडे उसाचं पाचट मिळतं, रसवंतीवाल्याचं चिपाड नको, त्याला मुंग्या लागतात. हा पाचोळ्याचा थर टरफलांच्या दहा पिशव्यांच्या तोडीचा आहे. पाऊस-पाण्याचे शिंतोडे मातीवरून उडून खालच्या पानांना लागतात आणि करपा हा पानांचा रोग तिथूनच वर चढतो, तोही यामुळे थोपतो.

आणि सुगड. हे माझं स्वतःचं, याचा मला अभिमान आहे, म्हणून जरा सविस्तर. संक्रांतीची वाणं झाली की सुगडं माळ्यावर पडून राहतात. त्यातलं एक बादलीच्या कडेला गळ्यापर्यंत पुरायचं आणि पाणी भरून वर खापरी झाकायची, डास होऊ नयेत म्हणून. कच्च्या पाझराचं मडकं आपलं आपण ओल सोडत राहतं, माती कोरडी असली तर जास्त, ओली असली तर कमी. मला हवा होता तसा व्हॉल्व्हमन, न सांगता आटे मोजणारा. ऑइलपेंटची नक्षी असलेली सुगडं मात्र चालत नाहीत, ती पाझरत नाहीत. मी घेताना अंगठा ओला करून बाहेरून टेकवतो, पाणी लगेच शोषलं गेलं तर घेतो. कुंभारीण माझ्यावर वैतागते, पण देते. एका सुगडाने सगळं भागत नाही, जेमतेम पेलाभर पाणी मावतं त्यात, वरून द्यावं लागतंच. पण गुडघ्याने दगा दिला तर ती रात्र निभावते.

वरून किती द्यायचं याचं माप माझ्याकडे तांब्याचं आहे. थंडीत भरलेल्या झाडाला सकाळी एक लिटर, फेब्रुवारी सरता सरता दीड, मार्चमध्ये सकाळ-संध्याकाळ मिळून दोन-अडीच. पण माप पाळण्याआधी बोट. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर त्या दिवशी तांब्या परत. पाणी बुडाशी, पानांवर नाही. नातीला झारीने वरून आंघोळ घालायला आवडायचं, तिला मी झारी पालकाच्या वाफ्यावर दिली आहे. तिने प्रत्येक बादलीला नाव दिलंय. नावं ती देते, नावं ठेवायचं काम माझं.

आता लेखाच्या वेळेबद्दल. असे लेख बहुतेक टोमॅटो महागला की येतात. 2023 च्या जुलैत आठवतंय ना, पुण्यात किलोला दीडशेच्या वर गेला, नारायणगावच्या बाजारात 20 किलोच्या कॅरेटला दोन हजारांहून जास्त मिळाले. आमच्या इमारतीतल्या नऊ घरांनी त्या महिन्यात रोपं आणली. भर पावसात. ऑगस्टमध्ये खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, ठिपक्यात एकात एक गोल कडी, लाकडाच्या ओंडक्याला आडवं कापल्यावर दिसतात तशी. हा करपा. खालून वर पानं वाळत गेली. ज्यांची जगली त्यांना सप्टेंबरात चार-दोन फळं आली, आणि तोवर बाजारात भाव इतका कोसळला होता की नाशिककडच्या शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. मेव्हण्याला जुलैतही तो भाव मिळाला नव्हता, त्याचा तोडा तेव्हा संपत आलेला. तो विषय निघाला की तो जेवणाचं ताट पुढे सरकवून देतो, म्हणून इथेही फार लिहीत नाही.

आमच्या घरचं वेळापत्रक बायकोने बसवलेलं आहे आणि ते कॅलेंडरपेक्षा लक्षात राहायला सोपं आहे. गणपती बसले की बी टाकायचं. आठवड्यात उगवतं. घट बसले की रोप बादलीत, मधे साधारण 26-27 दिवस जातात, तेवढंच वय रोपाला हवं. दिवाळीच्या पणत्या लागतात तेव्हा पहिली पिवळी फुलं, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी कधीतरी पहिलं लाल फळ. अधिक महिना आला की जरा पुढे-मागे सरकतं. पुण्याची थंडी टोमॅटोला मानवते. एप्रिलमध्ये स्लॅब तापला की फूल देठाच्या मधल्या गाठीशी पिवळं पडतं आणि वाऱ्याशिवाय गळतं. अडतीसच्या वरच्या उन्हात पराग निकामी होतो, कोणतंही खत त्याला धरून ठेवत नाही. तेव्हा मी झाडं काढून टाकतो. लोकांना वाटतं निर्दयी आहे.

बियाण्याचं विचाराल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची धनश्री आणि भाग्यश्री मी लावली आहे. दोन्ही सरळ वाण, बी धरून पुढच्या वर्षी लावता येतं. बंगळूरूच्या बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षकही दोनदा केला. तो पानं वळण्याचा विषाणू, मर आणि करपा या तिघांना दाद देत नाही, पण संकरित आहे. त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी लावलं तर तोच वाण मिळेल याची आशा धरू नये. लांबट फळाच्या जातींना बुडाचा डाग जास्त येतो, चेरी टोमॅटोला फारसा येत नाही. ज्यांना गावाला जायचं-यायचं फार असतं त्यांनी सरळ चेरीच लावावा.

लेखात 'बगलफूट खुडून टाकावी' असं सरसकट सांगितलंय, तेही जपून. बगलफूट म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारी फूट. वेलासारखी वाढत जाणारी जात असेल तर खुडावी, सुतळीला बांधून वर न्यावी. पण बुटकी, झुडपासारखी जात असेल तर त्या फुटींनाच फळ लागतं. दुसऱ्या वर्षी मी उत्साहाने अशा तीन झाडांच्या सगळ्या फुटी काढल्या आणि जानेवारीत तीन हिरव्या काठ्यांकडे बघत बसलो.

गच्चीवर वारा असतो म्हणून ठीक, पण बंद गॅलरीवाल्यांना फुलं येतात नि फळ धरत नाही, त्याचं कारण वेगळंच. टोमॅटोच्या फुलात नर-मादी एकत्रच, पण पराग एका नळीत कोंडलेला असतो, तो हादरल्याशिवाय सुटत नाही. आमच्याकडे काळा भुंगा येतो, फुलाला उलटा लटकून घुं करतो आणि फूल थरथरतं. मधमाशीला ती युक्ती जमत नाही. भुंगा नसेल तिथे सकाळी दहा-अकराच्या सुमाराला सुतळीला टिचकी मारावी. मी मारतो. नात म्हणते, आजोबा सतार वाजवतात.

पांढऱ्या माशीपुढे मात्र मी हरतो. पान उलटं करून हलवलं की राखेसारखी उडते. तिने विषाणू आणला की शेंड्याची पानं आकसून द्रोणासारखी वळतात, चुरडा-मुरडा म्हणतात त्याला, आणि झाड तिथेच खुंटतं. त्यावर औषध नाही. माशीवर निंबोळी अर्क आहे, एरंडेल फासलेली पिवळी पाटी आहे, पण झाड एकदा वळलं की उपटून पिशवीत बांधून बाहेर. मागच्या वर्षी नातीचं लाडकं झाड असं काढावं लागलं, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणखी एक, लेखात कुठेच नाही ते. तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला हात लावू नका. तंबाखूतला विषाणू हातावरून टोमॅटोत जातो, पानं चितकबरी होतात. मेव्हणा रोपं लावायला आलेल्या गड्यांचे हात आधी साबणाने धुवायला लावतो. मला त्याने कुटुंबासमोर तेच करायला लावलं. रात्रपाळीत लागलेली चुना-तंबाखूची सवय होती माझी. साबण लावायचा कंटाळा येऊन येऊन ती निम्म्यावर आली, हा टोमॅटोचा वरकड नफा.

एका बादलीतून हंगामाला मला तीन-साडेतीन किलो मिळतो. अकरा बादल्या आहेत. हिशेब केला तर परवडत नाही, मुलगा दरवर्षी करून दाखवतो. पण रंग फिरायला लागलेलं फळ तोडून टोपलीत ठेवायचं, चार दिवसांत घरातच पिकतं, फ्रिजमध्ये न टाकता. आणि मार्चअखेर जी हिरवी राहतात त्यांची बायको दाण्याचं कूट आणि गूळ घालून भाजी करते, त्यासाठी, ज्याच्या शेतात कॅरेटच्या कॅरेट पडलेली असतात तो मेव्हणा दोन तास गाडी चालवून येतो.

विनंती दोन. एक, पुढच्या रविवारी एका ओळीची दुरुस्ती छापा, 'बुडाचा काळा डाग हा बहुधा अनियमित पाण्यामुळे पडतो'. दोन, हाच लेख पुढच्या वर्षी श्रावणात छापा, म्हणजे गणपतीपर्यंत लोक बादल्या जमवतील.

आपला,
एक निवृत्त व्हॉल्व्हमन
धायरी, पुणे

ता. क. पत्रासोबतच्या पुडीत एक टरफल आहे. 2019 च्या डिसेंबरात मी घातलेलं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये कुंड्या रिकाम्या करताना निघालेलं. आठ महिने रोज पाण्यात होतं. आतला पापुद्रा गेलाय, बाकी जसंच्या तसं. असे मूठभर निघाले होते, हा मी नमुना म्हणून जपून ठेवला. पुडी जरा जपून उघडा, मातीही आहे थोडी.